धर्माच्या आवेशाला वळण हवे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे प्रार्थनास्थळांवरील ध्वनिवर्धक, सोसायट्यांमधील प्रार्थना सभा आणि त्यांवरून होणारे वाद यांविषयी पत्रे येत आहेत. त्यांपैकी काही पत्रांत कोपरखैरणे, ऐरोली आणि कळवा या भागांतील ख्रिस्ती सभांचा उल्लेख होता. मी ठाण्यातला मराठी ख्रिस्ती आहे आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यकारिणीत बरीच वर्षे काम केले आहे. त्या पत्रांना उलट उत्तर देत बसण्यापेक्षा त्यांनी पुढे आणलेल्या प्रश्नावर आमच्याच लोकांशी चार शब्द बोलावेत, असे मला वाटते. हे बोलणे चर्चच्या आवारात न करता वर्तमानपत्रातून करण्याचे कारण इतकेच की, ज्या शेजाऱ्यांना आमच्या आवेशाचा त्रास होतो त्यांनाही, आमच्या घरात यावर विचार होतो, हे कळले पाहिजे.

आवेश कमी करा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया येथील मंडळीला जो बोल लागला आहे तो अतिउत्साहाबद्दल नसून कोमटपणाबद्दल आहे, आणि आमच्या जुन्या, स्थिरावलेल्या मंडळ्यांना तो आजही लागू पडतो. उपासना अर्धी झाल्यावर येणारे आणि आशीर्वचनाआधीच स्कूटरची किल्ली चाचपू लागणारे लोक आमच्यात कमी नाहीत. अशा लोकांनी रात्र रात्र गुडघ्यांवर बसणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना 'जरा बेताने घ्या' असा उपदेश करावा, हे शोभत नाही. तरुणांची ती ओढ खरी असते आणि पुष्कळदा ती महागात घेतलेली असते. घरच्यांशी तंटा होतो, मित्र तुटतात, कामाच्या ठिकाणी टवाळी होते. तेव्हा प्रश्न आवेशाच्या मात्रेचा नाही. तो कुठे जातो आणि कोणाच्या अंगावर येतो, हा आहे.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आपल्याच यहूदी बांधवांविषयी साक्ष दिली आहे की, त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती ज्ञानाला धरून नाही. हे तो तिऱ्हाईतासारखा म्हणत नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना स्वतःच्या आस्थेचा पुरावा म्हणून त्याने मंडळीचा छळ केल्याचेच उदाहरण दिले आहे. परंतु या विषयावर मला सर्वांत बोलका वाटतो तो येशूचा शिष्य योहान. त्याला आणि त्याचा भाऊ याकोब याला प्रभूने 'गर्जनेचे पुत्र' असे नाव ठेवले होते, आणि ते काही उगाच नव्हे. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला मुक्कामाला जागा नाकारली, कारण तो यरुशलेमेकडे निघाला होता. यहूदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान् पिढ्यांचे, त्यात गुरूचा अपमान. दोघा भावांनी लगेच विचारले की, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा आम्ही करावी काय. त्यांच्या या मागणीला शास्त्राचा आधारही होता, कारण शोमरोनाच्या राजाने पाठवलेल्या पन्नास-पन्नास शिपायांवर एलीया संदेष्ट्याने असाच अग्नी उतरवल्याची कथा प्रत्येक यहूदी मुलाला ठाऊक होती. म्हणजे वचन पाठ होते, श्रद्धा पक्की होती, अपमानही खराच झाला होता, आणि तरीही येशूने वळून धमकावले ते त्या गावाला नव्हे, आपल्या शिष्यांना. मग ते सगळे दुसऱ्या गावी गेले. 'दुसऱ्या गावी गेले' या तीन शब्दांवर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही, याचे मला नवल वाटते.

पण योहानाची गोष्ट तिथे संपत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो, लोक ती स्वीकारतात, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला यरुशलेमेहून दोघांना पाठवले जाते. त्यांत एक पेत्र आणि दुसरा हाच योहान. ज्या लोकांवर त्याने आग मागितली होती त्यांच्याच डोक्यांवर त्याला हात ठेवावे लागले, आणि परतताना ते दोघे शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगत गेले असे लूक लिहितो. त्यांत ते नकार देणारे गाव होते की नाही, हे त्याने लिहिलेले नाही, पण ते असावे असे मला वाटत राहते. योहानाचा स्वभाव थंड झाला म्हणून हे घडले नाही. त्याच स्वभावाला दुसरे काम मिळाले.

आता आपल्या भागाकडे येतो. नवी मुंबईत नव्या मंडळ्यांना स्वतःची जागा मिळणे सोपे नाही. त्यामुळे सभा भरतात त्या तळमजल्यावरच्या गाळ्यात, रो-हाऊसच्या दिवाणखान्यात किंवा बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत. दहा बाय वीसच्या गाळ्यात साठ माणसे, एक कीबोर्ड, एक ड्रमसेट आणि मैदानाला पुरतील असे दोन स्पीकर, असे चित्र मी पाहिले आहे. शुक्रवारची रात्रभराची प्रार्थना सुरू झाली की वरच्या मजल्यावरचा बारावीचा मुलगा कानात कापूस घालून बसतो. त्याच्या आईने खाली येऊन विनंती केली की 'सैतान अडथळा आणतो आहे' असे म्हणून आवाज आणखी वाढवला जातो. त्या माऊलीला ख्रिस्ताविषयी काय समजले असेल, याचा विचार त्या साठांपैकी एकानेही करू नये?

यावर कायदा काय सांगतो हे आपले वाचक जाणतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. आमच्या लोकांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल एका चर्चच्याच प्रकरणात लागलेला आहे. चेन्नईतील 'चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल) इन इंडिया' या मंडळीच्या शेजाऱ्यांनी ड्रम, गिटार आणि ध्वनिवर्धकांच्या आवाजाविरुद्ध दाद मागितली होती. दुसऱ्यांची शांतता भंग करून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी स्पष्ट केले. आपल्या ठाण्यातही डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला निकाल सर्वच धर्मांच्या उत्सवांना लागू आहे. काही तक्रारींमागे आवाजापेक्षा आमच्याविषयीची अढी असते, हे मला मान्य आहे, आणि ज्यांना सभा मुळातच नको आहेत त्यांच्यापुढे संविधानाचे २५ वे कलम ठामपणे मांडायला हवे. परंतु त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट पहिल्याच ओळीत आहे. शेजाऱ्याची तक्रार रास्त असताना तिला छळ म्हणणे म्हणजे ज्यांचा खरोखरच छळ होतो त्यांच्या दुःखाची किंमत कमी करणे होय.

छळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ठाणेकर ख्रिस्ती माणसाला हुतात्म्यांची गोष्ट दूर देशातून आणावी लागत नाही. १३२१ च्या एप्रिल महिन्यात तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू याच ठाण्यात मारले गेले. त्यांना पूर्वेकडे जायचे होते, समुद्रप्रवासात ते ठाण्याच्या बंदराला लागले आणि येथील नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांकडे उतरले. एका घरगुती भांडणात साक्षीदार म्हणून त्यांना काजीपुढे उभे केले गेले, तेथे वाद धर्मावर गेला, मुहंमद पैगंबरांविषयी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि थॉमसने अखेर अत्यंत कठोर शब्दांत उत्तर दिले. त्यांच्या धैर्यापुढे माझे मस्तक नम्र होते. थॉमसला रोमने १८९४ मध्ये धन्य घोषित केले आहे. पण ही कथा अलीकडे आमच्या काही तरुणांना अशा पद्धतीने सांगितली जाते की जणू चौकात उभे राहून दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाला नावे ठेवणे हीच निष्ठेची कसोटी असावी. ती चौघे माणसे तशा उत्तरासाठी कोणाच्या दारात गेली नव्हती. त्यांना ओढून आणून विचारले गेले होते. त्यांनी वापरलेले शब्दच वापरायला हवे होते का, हा प्रश्न श्रद्धावान माणसानेही विचारायला हरकत नाही.

आद्य मंडळीने हा भेद फार लवकर ओळखला होता. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याचा जो वृत्तांत तेथील मंडळीने लिहून पाठवला, त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाचा उल्लेख आहे. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही त्याने भरीस घातले आणि रिंगणातील श्वापदे पाहिल्यावर त्याचा धीर सुटला. आपण होऊन स्वतःला पकडून देणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करत नाही, कारण शुभवर्तमान तसे शिकवत नाही, असे त्या मंडळीने तिथेच नमूद केले. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून शेतावरच्या घरी जाऊन राहिले होते, आणि शिपाई आले तेव्हा त्यांनी त्यांना जेवायला वाढायला सांगितले. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने तर नियमच केला की, कोणी मूर्ती फोडल्या आणि त्यासाठी त्याला तिथेच मारले गेले, तर त्याचे नाव हुतात्म्यांच्या यादीत घालू नये, कारण असे करावे हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही आणि प्रेषितांच्या काळी कोणी केलेलेही नाही. हा नियम करणारे लोक कोमट नव्हते. रोमन सम्राटाच्या छळाच्या छायेत राहणारे ते लोक होते.

ठाण्याच्या त्या प्रकरणातील पाचवा माणूस मात्र आमच्या प्रवचनांतून गळूनच जातो. जॉर्डन कातलानी हा त्या चौघांचा सोबती घटनेच्या वेळी भरूचच्या बाजूला गेला होता. वाटेतच ही बातमी कळल्यावर त्याने परतून सोबत्यांचे अवशेष गोळा केले, सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि त्यानंतर तो या किनाऱ्यावर जवळजवळ एकटाच काम करत राहिला. त्याच्या पत्रांतून त्याचे हाल कळतात. पुढे १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले. हिंदुस्थानातील नवलाच्या गोष्टींवर त्याने जे लिहिले त्यात फणस आणि आंब्याचेही वर्णन आहे. चार मित्र गमावलेल्या माणसाने ज्या भूमीत ते गमावले तिथल्या फळांचे कौतुकाने वर्णन करावे, यात मला त्याच्या श्रद्धेची जी खूण दिसते ती पुष्कळ घोषणांत दिसत नाही.

येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या आत्मकथनातील एक प्रसंग याच वळणाचा आहे. १५२२ साली, नुकतेच परिवर्तन झालेले असताना, ते मोन्सेरातकडे खेचरावरून चालले होते. वाटेत भेटलेल्या एका मूर मुसलमान प्रवाशाने मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली आणि तो पुढे निघून गेला. इग्नाशियस यांना वाटू लागले की आपण मरियेची बाजू राखली नाही, आता त्याला गाठून खंजीर खुपसावा. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी फाट्यावर खेचराचा लगाम सैल सोडला आणि ठरवले की ते गावाच्या वाटेने गेले तर त्या माणसाला गाठायचे. गावाची वाट रुंद आणि जवळची होती, पण खेचर हमरस्त्यानेच गेले. म्हातारपणी हा प्रसंग सांगताना त्यांनी स्वतःला सोडलेले नाही. ज्या आत्म्याजवळ तळमळ होती पण विवेक नव्हता, त्याचे उदाहरण म्हणून त्यांनी तो सांगितला आहे. मनात येणारी प्रत्येक तीव्र ओढ देवाकडूनच आली असे धरू नये, ती शेवटी कुठे नेते ते पाहावे, आणि मन उद्विग्न असताना आधी घेतलेला निश्चय बदलू नये, हे त्यांचे पुढील काळातील नियम म्हणजे असे चटके खाल्लेल्या माणसाचे नियम आहेत.

हे सगळे परदेशी आहे असे कोणी म्हणेल, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावकडे वळतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी आध्यात्मिक जागृती झाली तिच्याविषयी आमच्या तरुण सभांतून पुष्कळ सांगितले जाते. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत. ते सर्व खरे आहे, आणि बाहेरून टीका होऊनही रमाबाईंनी त्या मुलींची तोंडे बंद केली नाहीत हेही खरे आहे. परंतु कथा त्या रडण्यापाशीच थांबवली जाते, हा आमचा दोष आहे. या बाई कोण होत्या? संस्कृत विद्येबद्दल १८७८ मध्ये कलकत्त्यात ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ज्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये ज्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलींना ज्यांनी घरी आणले, त्या या बाई. जागृतीच्या आधीही मुक्तीत शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवली जात होती. जागृती आली म्हणून यांतले काही बंद पडले नाही. सकाळी प्रार्थनेत डोळे सुजलेली मुलगी दुपारी छापखान्यात खिळे जुळवायला बसत होती. प्रार्थनेत पेटलेल्या मुलींना रमाबाईंनी गट पाडून आसपासच्या गावांत पाठवले, म्हणजे त्या उत्साहाला पायही दिले आणि परत यायला घरही दिले.

स्वतः रमाबाईंनी त्या आवेशाचे काय केले? त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करायला बसल्या. हे काम वर्षानुवर्षे चालले. कानांनी ऐकू येईनासे झाले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा काम पुरे होत आले होते, आणि मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये ते शास्त्र बाहेर पडले. एका क्रियापदाच्या रूपावर तासभर घालवणे यात कुणाला 'अभिषेक', म्हणजे पवित्र आत्म्याचा संचार, दिसणार नाही, त्याचा व्हिडिओ कोणी काढणार नाही. पण १९०५ च्या त्या आगीची धग ज्यांना हवी आहे त्यांनी तिची ही बाजूही पाहावी, अशी माझी विनंती आहे. ना. वा. टिळकांचेही तसेच. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारणारे टिळक कोणाही तरुणापेक्षा कमी उतावळे नव्हते, हे लक्ष्मीबाईंनी आपल्याला हसत हसत सांगून ठेवले आहे. त्या उतावळेपणातला केवढा तरी भाग अभंगांत, भजनांत आणि कीर्तनांत उतरला, म्हणून तर आज आमच्या रविवारच्या उपासनेत मराठीत गायला काही आहे.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत की जिथे मला सौम्य बोलता येत नाही. पहिली औषधांची. चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या प्रार्थना सभेत, साक्ष दिल्यावर मधुमेहाच्या गोळ्या सोडणाऱ्या एका बाई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळून अंगठा काढावा लागला, आणि नंतर त्यांनाच सांगण्यात आले की तुमचा विश्वास कमी पडला. देव बरे करतो, हे मी मानतो. पण यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिले, त्याच पौलाच्या सोबत्यांत 'प्रिय वैद्य लूक' होता, आणि येशूने कुष्ठरोग्यांना बरे होण्याआधीच याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवा असे सांगितले, कारण शुद्ध झाल्याचे प्रमाणपत्र त्या काळी याजक देत असे. आजच्या काळात ते प्रमाणपत्र प्रयोगशाळेच्या अहवालाने मिळते. अहवाल येईपर्यंत गोळी बंद करायला सांगणारा कोणीही, मग तो व्यासपीठावर कितीही मोठ्याने 'हालेलुया' म्हणो, देवाच्या नावावर दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो आहे. मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय उभारले तेही प्रार्थनेनेच, हे अशा माणसांना कोणीतरी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट पैशाची आणि घराची. महापे आणि तुर्भे येथील कंपन्यांत पंधरा-अठरा हजारांवर काम करणारी मुले पहिला पगार अख्खा दानपेटीत टाकतात, पुढे देव अनेक पटींनी परत देईल या आशेने कर्ज काढून दान देतात, म्हणजे 'बियाणे पेरतात', आणि घरी आईच्या औषधांसाठी हात वर करतात. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने ज्या प्रथेवर सर्वांत कडक शब्द वापरले त्यांत ही एक आहे. आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना त्याने सांगितले की तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. असे दान स्वीकारणाऱ्या पास्टरने ते घरी परत पाठवले, असे उदाहरण मला एकदाच पाहायला मिळाले, आणि त्या मंडळीत त्यानंतर दान घटले नाही. उपवासाचेही तेच. रात्रपाळीत यंत्रावर उभे राहणाऱ्या मुलाला पाण्यावर एकवीस दिवस काढायला लावणाऱ्यांनी पहिल्या शमुवेलाचा चौदावा अध्याय वाचावा. शौल राजाने लढाईच्या भरात संध्याकाळपर्यंत कोणी अन्न चाखू नये अशी शपथ सैन्याला घातली. सैन्य गळून गेले. त्याचा मुलगा योनाथान याने काठीच्या टोकाने थोडा मध खाल्ला आणि त्याचे डोळे टवटवीत झाले. माझ्या बापाने देशाला त्रासात घातले आहे, असे तो मुलगा सरळ म्हणाला.

समाजमाध्यमांवरच्या भांडणांविषयी फार लिहीत नाही. रात्री दोन वाजता दुसऱ्या धर्माच्या देवतेची टर उडवणारे चित्र पुढे पाठवणे हे साक्ष देणे नव्हे, आणि आमच्याविषयी तसेच चित्र आले म्हणून त्याला तशाच चित्राने उत्तर देणे हेही नव्हे. 'दुसऱ्या गावी गेले' हे इथे सहज करता येते, कारण त्यासाठी फक्त फोन बाजूला ठेवावा लागतो.

आता आमच्या पाळकांना, फादरांना आणि कार्यकारिणीच्या सभासदांना. आपण तरुणांपुढे नुसता बांध घालतो. हे करू नका, ते वाजवू नका, इतका वेळ बसू नका. आपल्या खाडीकाठच्या खारभूमीत नुसता बांध घालून भात पिकत नाही. बांधाला उघाडी ठेवावी लागते, ती भरतीचे खारे पाणी बाहेर अडवते आणि ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडते, आणि ती वेळेवर उघडायला-मिटायला राखणदार लागतो. आमच्या मंडळ्यांत बांध घालणारे पुष्कळ आहेत, उघाडीपाशी उभा राहणारा सापडत नाही. मुलगा 'मला देवासाठी काहीतरी करायचे आहे' असे म्हणतो तेव्हा आपण त्याला नाताळच्या नाटकात मेंढपाळ करतो. मग तो गाळ्यातल्या सभेकडे गेला तर नवल काय?

काम नाही असे तर मुळीच नाही. ठाण्यातले मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे आणि तिथे बरे झालेले, पण घरच्यांनी परत न नेलेले लोक आहेत. रुग्णालयाच्या परवानगीने आणि त्यांच्या नियमांत राहून त्यांना नियमितपणे भेटणारी माणसे हवी असतात. अट एकच, उत्साह ओसरला म्हणून तिसऱ्या महिन्यात गायब व्हायचे नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक हे कर्करोगाचे रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. बिहार, बंगाल, आसामकडून मुलाला घेऊन आलेल्या आईला इथली भाषा कळत नाही, खोली मिळत नाही, कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे समजत नाही. कर्करोगावरच्या उपचारांत बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, वारंवार लागतात, आणि काढल्यानंतर त्या केवळ ५ दिवस टिकतात. त्यामुळे वर्षातून एकदा बॅनर लावून केलेल्या रक्तदान शिबिराने ती गरज भागत नाही. प्लेटलेटदात्याला आडवे पडून, दंडात सुई घेऊन, यंत्र सुरू असताना तासभर किंवा अधिक निमूट पडून राहावे लागते, आणि गरज पडली की पुन्हा यावे लागते. रात्रभर गुडघ्यांवर बसू शकणाऱ्या मुलांना हे जड जाणार नाही. त्या तासाभरात मनातल्या मनात प्रार्थना करायला कोणाची मनाई नाही, आणि शेजाऱ्याचीही झोपमोड होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, येत्या उपवासकाळात ठाणे आणि नवी मुंबईतील मंडळ्यांनी, त्या कोणत्याही पंथाच्या असोत, आपल्या रात्रभराच्या प्रार्थनांतील निदान एक शुक्रवार अशा कामाला द्यावा. प्रत्येक मंडळीने त्यासाठी रुग्णालयाशी बोलणारा एक जबाबदार माणूस नेमावा, आणि तो तरुणांपैकीच असावा. गाळ्यात सभा घेणाऱ्या पास्टरांनी वरच्या मजल्यावर स्वतः जाऊन आवाजाची वेळ ठरवून घ्यावी आणि ती कागदावर लिहून दाराला लावावी. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या इमारतीत अशा सभा होतात त्यांनीही पोलीस ठाण्यात जाण्याआधी एकदा दार वाजवून पाहावे. दार उघडणारा मुलगा बहुधा दिवसभर कामावर राबून आलेला असेल, आणि तो तुमचे ऐकेल अशी मला बरीच आशा आहे. पाळकांपैकी कोणाला रुग्णालयांशी संपर्क साधण्यात अडचण असेल तर त्यांनी आपल्या पत्राच्या कार्यालयामार्फत कळवावे, मी आणि आमच्या मंडळीतील काही निवृत्त परिचारिका त्यांच्यासोबत जायला तयार आहोत.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक, ठाणे (पूर्व)
(नाव आपल्या दफ्तरी नोंदवले आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)